मचव्याच्या प्रतिकृतीला नाळेजवळ फटी का पडतात?

प्रश्न (हर्णै)

नमस्कार. आमच्या आजोबांच्या शिडाच्या मचव्याची १:२५ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी गेल्या जुलैत करावयास घेतली. मूळ मचवा ११ मीटर लांबीचा होता, म्हणजे प्रतिकृती ४४ सेंटिमीटरांची होते. पठाण (तळाचा कणा) आणि वाक (पोटाला आकार देणाऱ्या फासळ्या) प्लायवुडचे कापून त्यांवर ६ मिलिमीटर रुंद व १.२ मिलिमीटर जाड सागवानी पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवल्या. मधल्या भागात काम नेटके झाले, परंतु नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, पट्ट्यांच्या कडा माशाच्या खवल्यांसारख्या वर उचलल्या गेल्या. पुढे जानेवारीत पट्ट्यांमध्ये कागद सरकेल एवढ्या फटी पडल्या. माझी आजी दर नारळी पौर्णिमेला त्या मचव्याची पूजा करीत असे, त्यामुळे ही प्रतिकृती ओबडधोबड राहिलेली मला चालणार नाही. चूक लाकडात आहे की माझ्या पद्धतीत? तसेच यानंतर गुराब (जुने लढाऊ जहाज) करावी असा विचार आहे, तो योग्य आहे का?

उत्तर (मालवण)

आपल्या दोन अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकमेकांत मिसळू नका.

कडा उचलल्या जाण्याचे कारण असे की, लाकडाची पट्टी जाडीच्या दिशेने सहज वाकते, पण रुंदीच्या दिशेने वाकत नाही. मचव्याचे पोट मध्ये भरलेले आणि टोकांकडे आवळत गेलेले असते. सारख्याच रुंदीच्या पट्ट्या मधून नाळेकडे नेल्या की तेथे त्यांना जागा पुरत नाही, आणि बळाने बसवलेली पट्टी एका कडेवर उभी राहते. म्हणून प्रत्येक वाकावर पठाणापासून काठापर्यंत कागदाची चिंधी गुंडाळून तिची लांबी मोजावी आणि तिला पट्ट्यांच्या संख्येने भागावे. मधल्या वाकावर ९६ मिलिमीटर भरले तर ६ मिलिमीटरच्या १६ पट्ट्या बसतात. नाळेजवळ ५६ मिलिमीटर भरले, तर त्याच १६ पट्ट्या तेथे साडेतीन मिलिमीटरच्या हव्यात, म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्याने निमुळती करावी लागेल. मागील टोकाला ४४ मिलिमीटरच मिळाले तर हिशेब पावणेतीनवर येतो. पट्टी निम्म्याहून अरुंद झाली की तिचे टोक चिरते, त्यामुळे अशा ठिकाणी दोन पट्ट्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यावी. हे मोजमाप कंटाळवाणे वाटेल, परंतु माझ्या मते प्रतिकृतीचे निम्मे सौंदर्य येथेच ठरते.

फटींचे कारण आपला जुलै महिना आहे. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते आणि लांबीला जवळजवळ तेवढेच राहते. आपण फुगलेल्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवल्या आणि हिवाळ्यात त्या आकसल्या. पट्ट्या चढवण्याचे काम फेब्रुवारी ते मे या काळात करावे, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी आतून-बाहेरून लाखेचे पॉलिश द्यावे. आतील बाजू बहुतेक जण विसरतात आणि ओल तेथूनच शिरते.

लाकडाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मूळ मचव्याला सागवान उत्तम, प्रतिकृतीला नव्हे. सागाची छिद्रे उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि पंचवीसपट लहान मचव्यावर ती भोकांसारखी भासतात. हेदूचे लाकूड बारीक, एकसारख्या पोताचे आणि पिवळसर असते. ते मिळाले तर दुसरे शोधू नका. शिवणीचे लाकूडही चालेल, कारण ते हवामानाने फारसे वेडेवाकडे होत नाही.

उत्तर (रेवदंडा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. डोलकाठी आणि दोर यांबद्दल दोन गोष्टी लिहिते, कारण पुढील अडचण तेथेच येईल.

मचव्याची डोलकाठी नाळेकडे झुकलेली असते. घरी केलेल्या अनेक प्रतिकृतींत ती सरळ उभी दिसते, आणि मग परभाण (शीड जिला बांधतात ती काठी) व तिरके शीड कितीही चांगले केले तरी मचवा परका वाटतो. दोरासाठी सुती धागा घ्यावा. मूळ दोर २५ मिलिमीटरचा असेल तर धागा १ मिलिमीटरचा हवा. धाग्यावरील लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झर्रकन फिरवून जाळावी आणि नंतर तो मधमाश्यांच्या मेणातून दोनदा ओढावा. मेण न लावलेला पिळाचा धागा पावसाळ्यात लांबीला आखडतो. माझ्या पहिल्या प्रतिकृतीची डोलकाठी याच कारणाने ऑगस्टमध्ये धनुष्यासारखी वाकली होती. शिडासाठी नवे मांजरपाट जाड पडते. वापरून विरलेली मलमल चहाच्या फिकट पाण्यात बुडवून घेतली की तिला जुन्या शिडाचा रंग येतो.

उत्तर (विजयदुर्ग)

गुराबेविषयी थोडेसे. अठराव्या शतकातील इंग्रजी वर्णनानुसार बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या आणि सुमारे १५० टनांपर्यंतच्या असत, तीन डोलकाठ्यांच्या सुमारे ३०० टनांच्या. त्यांची नाळ भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे (वल्ह्यांच्या युद्धनौकेप्रमाणे) पुढे लांब निघालेली असे आणि तिच्यावरून तोफा समोर डागता येत. आंग्र्यांचे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत येथील खाडीत जळाले, त्यामुळे मोजायला आज लाकूड समोर नाही. मचवा मात्र आपल्याला हाताने चाचपता येतो. म्हणून आधी मचवा पूर्ण करावा, नंतर ४०-५० वल्ह्यांचे गलबत आणि मग गुराब, असा क्रम मी सुचवेन.

प्रश्नकर्ता (हर्णै)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गरम पाण्यात भिजवलेले फडके पट्ट्यांवर ठेवल्यावर फेव्हिकॉल मऊ पडला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या न मोडता निघाल्या. पाजपंढरीला त्याच बांधणीचा एक जुना मचवा किनाऱ्यावर चढवलेला आहे. १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या झावळ्यांनी शाकारल्या जाण्यापूर्वी, ओळंबा आणि टेप घेऊन मी त्याचे पोट नऊ ठिकाणी मोजले. माझे नाळेजवळचे दोन्ही वाक मुळापेक्षा ३ मिलिमीटरने फुगीर निघाले, ते मी कानशीने उतरवले आहेत. पट्ट्यांसाठी हेदूची फळी कापून घरात उभी करून ठेवली आहे. चढवण्याचे काम फेब्रुवारीत सुरू करीन.