अनुभव धागा : जुन्या मशीनबरोबर आलेल्या अनोळखी वस्तू

पाचरवाला
काल एका मित्राने लाकूडकामाचा जुना लेथ घेतला. सोबत गंजक्या सामानाने भरलेलं खोकं फुकट आलं. त्यात एक चपटी, एका टोकाला निमुळती होत गेलेली पोलादी पट्टी होती. तो म्हणाला भंगारात टाक. मी चटकन हातातून काढून घेतली, कारण अगदी तशीच आमच्या वडिलांच्या हत्यारपेटीत होती आणि आम्ही भावंडं ती दार अडवायला वापरायचो. ती ड्रिफ्ट. ड्रिल मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, आडवी आरपार खाच असते ना, तीत घालून हातोडीचा एक हलका ठोका दिला की आत घट्ट बसलेला मोर्स टेपर, म्हणजे हत्याराचा निमुळता दांडा, निखळून खाली येतो. लेथशी तिचा काही संबंधच नव्हता, कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचं सामान खोक्यात शिरलेलं.

तुमच्याकडे असं काय काय निघालं? कसं ओळखलंत? अजून ओळख पटली नसेल तरी लिहा.

भुसामहर्षी
मुठीएवढा लोखंडी गोळा, कडेला तीन खाचा, प्रत्येक खाचेत नक्षीदार पातं आणि एक स्क्रू. मधलं भोक मोजलं तर १५.८८ मिमी, म्हणजे बरोबर ५/८ इंच. तिथेच कोडं सुटलं, अमेरिकन टेबल सॉच्या आर्बरचं, म्हणजे पान बसतं त्या दांड्याचं, माप आहे ते. मोल्डिंग हेड. करवतीचं पान काढून त्या जागी हा गोळा लावायचा आणि पट्टीला गोलाई-नक्षी काढायची. तिन्ही पाती एकाच आकाराची आणि एकाच जोडीतली लागतात. माझ्यातल्या एका पात्याचा स्क्रू बाकी दोघांपेक्षा वेगळा दिसला, कुणीतरी नंतर घातलेला. हजारो फेऱ्यांनी फिरणाऱ्या गोळ्यात असला स्क्रू नको रे बाबा. भिंतीवर टांगलाय, शोभेला.

निवांत
महर्षी, फोटो टाका की.

भुसामहर्षी
मशीनवर बसलोय, रात्री टाकतो.

गुण्या
महर्षींनी केलं तेच बरोबर. आधी मोजा, मग नाव शोधा. १५.८८, १९.०५, २५.४ असे आकडे आले की घराणं इंचाचं. २० किंवा ३० आलं की मिलिमीटरवालं. टेपर असेल तर जाड टोक मोजा: १२ च्या जरा वर आलं तर एक नंबर मोर्स, १७.७८ तर दोन नंबर.
आणि राउटरवाल्यांनो (लाकडात खाचा-नक्षी कोरायचं हातातलं मशीन), १२ मिमी दांड्याचं बिट १२.७ च्या कोलेटमध्ये, म्हणजे बिट आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीत, आवळलं की बसल्यासारखं वाटतं. बसलेलं नसतं. ६ आणि ६.३५ चं तेच. खोक्यातल्या सुट्या कोलेटवर विश्वास ठेवू नका, आतला आकडा वाचा.

घाईत_आहे
वर्नियर नसेल तर??

गुण्या
ड्रिलची बिटं आहेत ना? त्यांची मागची टोकं भोकात घालून बघायची. अंदाज येतो. पण वर्नियर घ्याच.

नणंदबाई
हसू नका कुणी. आमच्या सासूबाईंच्या टेबलावर वर्षानुवर्षं एक जाड गुळगुळीत पोलादी कडं पेपरवेट म्हणून होतं. सासरे स्पिंडल मोल्डर (उभ्या दांड्यावरच्या कटरने लाकडाला नक्षी काढायचं मशीन) चालवायचे, ते गेल्यावर मशीन विकलं आणि हे राहिलं. परवा दीर म्हणाले, वहिनी हे बेअरिंग आहे. पण आत गोळ्या नाहीत, फिरतही नाही. काय आहे?

उलटे_आटे
ताई, रब कॉलर. मोल्डरच्या स्पिंडलवर कटरच्या खाली किंवा वर बसते. वाकड्या लाकडाला किंवा त्याखालच्या साच्याला ती टेकते आणि कटर किती खोल जाईल ते तिच्या व्यासावर ठरतं. म्हणून ती एकटी नसते, लहान-मोठ्या मापांचा संच असतो. बाकीच्या शोधा!

नणंदबाई
अय्या! दोन अजून आहेत, पडद्याच्या दोरीला वजन म्हणून बांधलेल्या. सासूबाई काही देणार नाहीत आता.

धूळधाण
🤣🤣 पडद्याच्या दोरीला

पेन्शनर_सुतार
चौकोनी पोकळ पटाशी आणि आत गिरमिट, हे बहुतेकांना ओळखता येतं. साल, म्हणजे जोडासाठीची चौकोनी खाच, पाडायचं मॉर्टायझर. पण त्याबरोबर येणारी बुशं कुणाला ओळखू येत नाहीत. एका बाजूने चिरलेली साधी नळी दिसते, लोक टाकून देतात. पटाशीचा वरचा दांडा ५/८, ३/४ असा वेगवेगळा येतो आणि मशीनचं भोक मात्र एकच, तेव्हा मधलं अंतर ही बुश भरून काढते. ती हरवली की चांगल्या पटाश्यांचा संच पडून राहतो. आणि गिरमिटाचं टोक पटाशीच्या तोंडाबाहेर थोडं, मिलिमीटर-दीड मिलिमीटर तरी ठेवा, नाहीतर घासून घासून दोन्ही निळी पडतात. विषय सोडून सांगतोय, पण सांगायला हवं.

निवांत
काका, तुम्ही विषय सोडलात तरच मला काहीतरी कळतं.

कोरा_कागद
मला मिळालेल्या कटरवर एम ए एन अशी तीन इंग्रजी अक्षरं कोरलीयत. ही कुठली कंपनी? ट्रक बनवणारी का?

उलटे_आटे
दादा, कंपनी नाही. युरोपियन कटरवरची खूण आहे. लाकूड हाताने सरकवायच्या मशीनवर चालतं असा अर्थ. एम ई सी असेल तर फक्त यंत्राने फीड होणाऱ्या मशीनसाठी, तो हाताने सरकवायच्या मोल्डरला लावायचा नाही. शेजारी कमाल फेऱ्यांचा आकडाही असेल. आधी तो बघा.

कोरा_कागद
आहे. ट्रकवर खर्च केलेली माझी अर्धी संध्याकाळ कोण परत देणार

उलटे_आटे
माझं नाव ज्यावरून पडलं ते सांगतो. फेसप्लेट (लेथवर लाकूड स्क्रूने बसवायची तबकडी) आली, लेथवर एक चक्कर जाऊन अडकायची. जोर लावला असता तर स्पिंडलचं वाटोळं. नीट बघितलं तर आटे डावे. लेथच्या बाहेरच्या टोकाची फेसप्लेट होती ती. त्या बाजूने पाहिलं तर स्पिंडल उलट फिरतो, उजवे आटे असते तर काम करता करता सुटून आली असती. मायफर्ड एमएल८ या लेथला दोन्ही टोकांना १ इंच व्यास, इंचाला १२ आटे, एक उजवा एक डावा. आणि बऱ्याच लेथना १ इंच व्यासावर इंचाला ८ आटे असतात. भोक सारखं म्हणून प्लेट बसेलच असं नाही, आट्यांचा गेज लावा.
बोल्टातही तेच. अर्धा इंचाचा ब्रिटिश व्हिटवर्थ १२ आट्यांचा, अमेरिकन जाड आट्यांचा १३ चा. सुरुवातीला चढतो, मग रडवतो.

दिवेलागण
आमच्याकडे लेथच्या सामानात एक विचित्र सेंटर. चार दात आहेत, पण मध्ये टोकाऐवजी सरळ बोथट पिन. त्याच्याबरोबर मधोमध भोक असलेली कडी आणि हातभर लांब गिरमिट. तिन्ही वस्तू एकत्र ठेवल्यावर उलगडा झाला: दिव्याच्या खांबात वायरसाठी आरपार भोक पाडायचा संच! कडीतून गिरमिट घालून अर्ध्यापर्यंत भोक, मग लाकडाची टोकं उलटी करून ती पिन त्या भोकात बसवायची, म्हणजे दुसऱ्या बाजूने केंद्र चुकत नाही. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांकडे माझे दिवे आहेत, हवे असोत वा नसोत.

धूळधाण
एक इकडे पाठव

जुनं_ते_सोनं
नावावर जाऊ नका एवढंच सांगेन. मशीन बनवणारी डेल्टा कंपनी १९४५ मध्ये रॉकवेलकडे गेली, त्यामुळे तोच भाग दोन नावांनी सापडतो. एलूचा एमओएफ १७७ राउटर पुढे डीवॉल्ट ६२५ म्हणून आला. खोक्यावर एलू लिहिलंय म्हणून कुणी फेन्स (राउटर सरळ रेषेत नेणारी पट्टी) टाकून देत असेल तर मला कळवा 😬

घाईत_आहे
१४ इंची बँडसॉबरोबर (पट्ट्यासारखं गोल फिरणारं पान असलेली करवत) बीडाचा जड ठोकळा आला, सोबत लांबलचक बोल्ट. बायको कुंडी ठेवते त्यावर. तोच ना तो, उंची वाढवायचा?

जुनं_ते_सोनं
तोच. रायझर ब्लॉक. खांबाच्या मधल्या जोडात बसतो, कापायची उंची ६ इंचांवरून १२ होते. पण मग साडेत्र्याण्णव इंचाचं पान चालत नाही, १०५ चं लागतं. पान सरळ धरणाऱ्या वरच्या गाइडचा लांब दांडाही शोधा, तो संचातच असतो.

घाईत_आहे
दांडा आहे! टोमॅटोच्या रोपाला आधार दिलाय.

नणंदबाई
आमच्याच घरचे दिसता तुम्ही.

हळदीचं_पान
गंज काढायला व्हिनेगरमध्ये भिजवू का रात्रभर?

पेन्शनर_सुतार
पोलाद, बीड चालेल, नंतर धुऊन लगेच तेल लावा. जस्ताचं ओतीव असेल तर नको, खाऊन टाकेल. चुंबक चिकटतो का बघा आधी. आणि कोरलेला नंबर असेल तर घासण्याआधी फोटो.

हळदीचं_पान
चिकटतो. दोन समांतर गज, मध्ये सरकणारा बीडाचा तुकडा, त्याला टोकदार पिन. हे काय असावं?

गुण्या
राउटरने गोल कापायचं ट्रॅमल वाटतंय. राउटरच्या बेसमध्ये दोन गज जायची भोकं असतात. गजांचा व्यास आणि मधलं अंतर सांगा, मग कुठल्या राउटरचं ते बघू.

हळदीचं_पान
वर्नियर मुलाने शाळेत नेलंय. संध्याकाळी सांगते.