गोवरची लस : तुमच्या घरी कसं ठरलं?

सदाफुली

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक ध्वनिफीत आली. कुणी बाई घाबऱ्याघुबऱ्या सांगतेय की शाळेत इंजेक्शनं देतायत, मुलं चक्कर येऊन पडतायत, सही करू नका. ऐकल्याबरोबर ओळखली. २०१८ची आहे ती! तेव्हाही हीच बाई, हाच आवाज.

तेव्हा लेक तिसरीत होती. २७ नोव्हेंबर २०१८ला राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत सगळ्यांना, आधी लस झालेली असो नसो. शाळेतून चिठ्ठी आली. नवरा म्हणाला, दोन्ही डोस झालेत ना, मग परत कशाला? मलाही ते अगदीच चूक वाटेना. वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर अर्ध्याजणी "आम्ही त्या दिवशी पाठवणारच नाही" म्हणून मोकळ्या झालेल्या. आमचे डॉक्टर म्हणाले, सुटलेलं मूल कुठलं ते शोधत बसण्यापेक्षा सरसकट देतात, जादा डोसने काही बिघडत नाही. तरी चिठ्ठी दोन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली तशीच.

सासूबाई मटार सोलत होत्या. एकदम म्हणाल्या, "आमच्या बापूला गोवर आलावता." इतक्या वर्षांत बापू हे नाव मी त्या घरात ऐकलं नव्हतं. त्यांचा पाठचा भाऊ. कोरेगावकडचं गाव. पुरळ मावळलं, उतरला म्हणून आईने देवीला दहीभाताचा नैवेद्यही दाखवला, आणि नंतर पोराला धाप लागली. न्यूमोनिया वगैरे शब्द त्या घरात कुणाला माहीत? सासूबाईंनी एवढंच सांगितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पेन आण."

तर तुमच्याकडे कसं ठरलं? दिली, नाही दिली, उशिरा दिली, सगळं लिहा. आणि कृपा करून ती ध्वनिफीत इथे चिकटवू नका.

मिरगुंड

वाचतेय. बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने टंकतेय. सविस्तर नंतर.

कोकणकडा

ठरवायचं काय त्यात? आमच्याकडे नर्सबाई यायच्या, ओट्यावर निळा डबा ठेवायच्या, आई चहा टाकायची आणि वाडीतली पोरं माडाच्या मागे लपायची. घरोघरी बैठका घेऊन ठरवायची पद्धत नवीन आहे. हलके घ्या.

राधाक्का

>> ठरवायचं काय त्यात?

आमच्याकडे ठरवावं लागलं, म्हणून लिहिते. मोठा लेक स्वमग्न आहे. निदान दुसऱ्या वर्षात झालं, दुसऱ्या डोसाच्या आसपासच. मग काय, नात्यातल्या प्रत्येकाला कारण सापडलं. नणंदेने कुठलासा लेख पाठवला, चुलतसासऱ्यांनी "मी तेव्हाच म्हटलं होतं" सुरू केलं. (म्हटलं नव्हतं.) धाकटी नऊ महिन्यांची झाली तेव्हा घरात मतदान घेतलं असतं तर मी एकटी पडले असते, कारण खरं सांगायचं तर मी स्वतः कुठल्या बाजूला होते ते मलाच कळत नव्हतं.

मोठ्याच्या डॉक्टरबाईंनी वाद घातलाच नाही. म्हणाल्या, याचे लहानपणीचे व्हिडिओ असतील ना, घेऊन या. पहिल्या वाढदिवसाचा नेला. दुसरा डोस त्यानंतर कितीतरी महिन्यांनी झालाय. त्यात सगळे केकपाशी हाका मारतायत आणि हा पंख्याकडे बघतोय. एकदाही वळत नाही. वर्षभर तो व्हिडिओ "किती शांत आहे बाई" म्हणत सगळ्यांना दाखवला होता आम्ही.

मग त्यांनी वेकफिल्डचं सांगितलं. इंग्लंडमधल्या या डॉक्टरने १९९८ मध्ये लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा, बारा मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला, २०१०ला मासिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. हे ऐकून धीर आला का? थोडा. पण खरा निर्णय त्या व्हिडिओने झाला. धाकटीला दिली. आठवड्याने ताप आला तेव्हा दोन रात्री झोप नाही, तो भाग वेगळा. आता दुसरीत आहे आणि घरात तिच्याशिवाय कुणाला बोलायची संधी मिळत नाही.

सदाफुली

राधाक्का, _/\_ . चुलतसासरे प्रत्येक घरात एक असतातच.

झिपऱ्या

राधाक्का, वाणी-उपचार कुठे घेता? पुण्यात असाल तर मला निरोप करा ना, भाच्यासाठी हवंय.

राधाक्का

झिपऱ्या, केलंय.

तात्याविंचूरकर

आमच्या काळी गोवर सगळ्यांनाच यायचा. आठ दिवस शाळेला सुट्टी, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ, मनुकांचं पाणी. घरात फोडणी बंद. भावंडं मिळून एकदम आजारी पडायचो, मजा होती. आता उगाच बाऊ.

नथ_आणि_नेट

तात्या, मजा होती असं सांगायला जे उरले तेच सांगणार ना. वरती बापूची गोष्ट वाचली नाहीत का?

तात्याविंचूरकर

वाचली. मुद्दा मान्य. फोडणीबद्दल मात्र ठाम आहे.

कोकणकडा

फोडणी बंद म्हणजे आमटीचं काय करायचे? नुसतं वरण?

नथ_आणि_नेट

वरणभात, तूप, मीठ. आणि दाराला निंबाचा डहाळा, म्हणजे परक्याने आत यायचं नाही. ते एक बरंच होतं म्हणा. पुरळ येण्याआधी चार दिवस आणि आल्यावर चार दिवस गोवर पसरतो. रोगी उठून गेला तरी खोलीतल्या हवेत दोन तास राहतो, आणि लस न झालेल्या दहाजणांना गाठला तर नऊजणांना होतो. डहाळा लागेपर्यंत अर्धी आळी झालेली असणार. माझी बहीण बालरोगतज्ज्ञ आहे, ही सगळी तिची जेवणाच्या टेबलावरची बडबड.

शिरूरकर_सिस्टर

मी ए.एन.एम. (गावोगावी लस देणारी नर्स) होते, आता रिटायर. बीड जिल्हा. तुमच्या चर्चेत एक सांगते. आमच्याकडं नको म्हणणारे आईबाप हाताच्या बोटावर. सुटणारी लेकरं वेगळीच.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलेली, थांबता येत नाही. लेकरू नवव्या महिन्यात आलं की ते नेमकं कोल्हापूर-सांगलीकडं कुठल्यातरी फडावर, कोपीत. तिथली सिस्टर म्हणती, माझ्या यादीत नाव नाही. परत येतंय उन्हाळ्यात, तवर त्याचा पहिलाच डोस व्हायचाय आन् दुसऱ्याची तारीख जवळ. मी काय करायचे, गाडी भरायच्या आधी आईच्या पदराला गाठ मारल्यागत कार्ड द्यायचे आन् सांगायचे की फडावर आशाताई दिसली की आधी हे काढ. काही आया काढायच्या. काहींची कार्डं पावसात, चुलीत.

दुसरं एक. लस भुकटी असती, पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून एका लेकरासाठी कुपी फोडायला जीव होत नाही, पाच लेकरं व्हायची वाट बघतात. आईला वाटतं सिस्टर टाळायलीय. मी फोडायचे. वरून बोलणी खाल्ली ती खाल्ली.

अ जीवनसत्त्वाचा चमचापण त्याच दिवशी द्यायचा असतो, तो विसरू नका.

सदाफुली

सिस्टर, यावर वेगळा धागाच काढा ना तुम्ही. प्लीज.

शिरूरकर_सिस्टर

नातीकडून टंकून घेत्ये. तिची परीक्षा झाली की बघू.

अनामिक_पाखरू

मी नाही दिली. म्हणजे अजून नाही. लेक तेरा महिन्यांची आहे. मला वाचताना भीती वाटते आणि न वाचताही वाटते. भावाच्या मुलाला दुसऱ्याच कुठल्यातरी लशीनंतर ताप येऊन झटका आला होता. तो आज ठणठणीत आहे, पण ते दृश्य मी पाहिलंय. नवरा म्हणतो तू ठरव. हे "तू ठरव" सगळ्यात वाईट. कृपया कुणी ओरडू नका.

राधाक्का

कोण ओरडणार गं. तो झटक्याचा प्रसंग डॉक्टरांना आधी सांग, तारखेसकट. तापाचं औषध किती, कधी द्यायचं, रात्री काय झालं तर फोन कुणाला, हे कागदावर लिहून घे. मी घेतलं होतं. आणि नवऱ्याला सोबत ने, खुर्चीवर बसव, प्रश्न त्याला विचारायला लाव.

नथ_आणि_नेट

+१. बहीण सांगते, या लशीचा ताप आला तर साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसात येतो, लगेच त्या रात्री नव्हे. म्हणून लोक त्याचा संबंध भलत्याच गोष्टीशी लावतात. त्या आठवड्यात लग्नकार्य ठेवू नका एवढंच.

अनामिक_पाखरू

थँक्स. बुधवारी अपॉइंटमेंट बघते. बघते म्हटलंय हां.

गोवंडीलोकल

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी गोवंडीत एका बालवाडीत होते. ती साथ आठवत असेल सगळ्यांना, गोवंडी, कुर्ला, मग भिवंडी, मालेगाव. टीव्हीवर रोज एकच सूर, हे लोक लस घेत नाहीत. काही घेत नव्हते, खरं आहे. पण कोविडच्या दोन वर्षांत लसीकरण विस्कळीत झालं होतं, कितीजण गावी जाऊन परत आले होते, कार्ड गावालाच. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई जरीकाम करायची, नगावर पैसे. ती मला म्हणाली, टीचर, सुई लावली की पोरगी दोन दिवस कडेवर, काम कोण करणार? तिचा आक्षेप लशीला नव्हताच. मशिदीतून पुकारलं, आम्ही घरोघरी गेलो, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिले, आणि साथीच्या भागात सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांनाही. त्या आईची पोरगी दोन दिवस आमच्या मदतनीस मावशींनी सांभाळली. झालं काम. असं प्रत्येक घरी कोण करणार, हा प्रश्न आहेच.

विदर्भवीर

प्रतिसाद काढून टाकला आहे.

कोकणकडा

काय काढलं ते सांगा आता. ध्वनिफीत होती ना?

विदर्भवीर

हो बा. पण शिव्या द्यायलेच टाकली होती.

हिरवी_चाफेकळी

माझा मुलगा रक्ताच्या कर्करोगातून उठतोय. उपचार चालू असताना त्याला ही लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची असते. त्याच्या वर्गात कोणाची झालीय, कोणाची नाही, हे मी शाळेला विचारलं. शाळा म्हणाली, ही पालकांची खाजगी बाब आहे. मग पालकसभेत मीच उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या मुलाचं कवच तुमची मुलं आहेत. टाळ्या वाजल्या. नंतर प्रत्यक्षात दोघींनीच येऊन कार्डाचा फोटो दाखवला. एवढंच. जास्त लिहवत नाही, केमोची तारीख आहे उद्या.

सदाफुली

हिरवी, उद्यासाठी खूप शुभेच्छा. कळव.

मिरगुंड

बाळ उठलं, परत झोपलं. तेवढ्यात धागा कुठच्या कुठे गेला. एक प्रश्न: लसीचं कार्ड लॅमिनेट करावं का? खूप फाटलंय.

नथ_आणि_नेट

नको!! आमच्या जाऊबाईंनी केलं. पुढच्या डोसाला सिस्टर पेन घेऊन बघतच राहिल्या, लिहायचं कुठे? शेवटी वर मार्करने लिहिलं, आणि ते एका सॅनिटायझरच्या फवाऱ्यात गेलं.

झिपऱ्या

खिक्. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढून तीन ठिकाणी पाठवा. यू-विनवर (सरकारचं लसनोंदीचं संकेतस्थळ) नोंद असेल तर प्रमाणपत्र उतरवता येतं.

सॅनहोजेची_सून

आमच्याकडे (कॅलिफोर्निया) ठरवायची मुभाच फारशी नाही. २०१५च्या कायद्याने शाळेसाठीच्या लशींतली वैयक्तिक मताची सवलत काढून टाकली, डिस्नेलँडच्या साथीनंतर. पहिला डोस इथे वर्षानंतर देतात. पण आम्ही आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्याला येणार होतो, तर डॉक्टरांनी आधीच एक दिला. प्रवासासाठी सहा महिन्यांपासून देतात, मात्र तो हिशेबात धरत नाहीत, वर्षानंतर परत दोन घ्यायचेच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "आमच्या पुण्यात काय गोवर भरून वाहतोय का?" दुखावली. २०२५मध्ये टेक्सासमध्ये साथ आली, लस न झालेली दोन मुलं गेली, तेव्हा तिने फोन करून विचारलं, "तुमच्याकडे पाठवू का काही?" लाडूंचं पार्सल आलं. लस आणि लाडवाचा संबंध काय ते विचारायचं नाही.

तात्याविंचूरकर

कसले लाडू?

सॅनहोजेची_सून

डिंकाचे. ऐन उन्हाळ्यात.

म्युनिकमाऊ

जर्मनीत मार्च २०२० पासून कायदाच आहे, पाळणाघर किंवा शाळेत घ्यायचं तर गोवरच्या लशीचा पुरावा द्या. दंड २५०० युरोपर्यंत. गंमत म्हणजे मुलाचं सहज झालं, अडकले मी! मी पाळणाघरात काम करते, आणि १९७० नंतर जन्मलेल्या कर्मचाऱ्यांनाही पुरावा लागतो. माझं कार्ड सांगलीच्या घरी, ते २०१९च्या पुरात गेलं. आईची साक्ष चालेना.

झिपऱ्या

मग? मी पुढच्या वर्षी श्टुटगार्टला जातोय, बायको शिक्षिका आहे. कार्ड मराठीत, तेही अर्धं पुसलेलं. भाषांतर करून चालतं का?

म्युनिकमाऊ

अर्धं पुसलेलं असेल तर त्यात वेळ घालवू नका. रक्ततपासणीत प्रतिपिंडं आढळली तर डॉक्टरांचा दाखला चालतो. माझी कमी निघाली, म्हणून सरळ दोन डोस घेतले, महिन्याच्या अंतराने. आणि एक, ही लस गरोदरपणात देत नाहीत, तेव्हा तसा काही बेत असेल तर वहिनींचे डोस तिथूनच उरकून निघा.

झिपऱ्या

बेत बायकोला विचारून सांगतो. :)