आरारूट: बिघडलेला सॉस, बाळाची जांघ आणि पाकिटावरची बारीक अक्षरं

बी-२०४: नमस्कार सोसायटीकर. कुणाच्या घरी आरारूट, म्हणजे ते कंदाचं पांढरं पीठ, वापरतात का? काल कॉर्नफ्लॉवर संपलं म्हणून व्हाइट सॉसमध्ये आरारूट घातलं. दाट व्हायचं सोडून बुळबुळीत झालं, चमचा उचलला की तार सुटत होती. सगळं टाकून द्यावं लागलं. पाकीट अजून भरलेलंच आहे.

ए-३०५: पीठ जुनं असेल.

ए-६०१: नाही, पिठाचा दोष नाही. दूध होतं ना त्यात? आरारूट आणि दूध-साय यांचं जमत नाही, तो बुळबुळीतपणा त्यामुळेच येतो. दुधाच्या सॉसला मैदा नाहीतर कॉर्नफ्लॉवरच घ्यायचं. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचं काम बघितलंय, हा घोळ नव्या माणसाकडून हमखास व्हायचा. पण पाकीट टाकू नकोस गं. फळांचा सॉस, सूप, आंबट रस, इथे आरारूटसारखं दुसरं काही नाही.

बी-२०४: काकू, मग घालायचं कसं?

ए-६०१: आधी गार पाण्यात कालवायचं. गरम पदार्थात कोरडं पीठ टाकलंस तर गुठळ्या झाल्याच समज. पदार्थ पूर्ण शिजला की शेवटी कालवलेलं पीठ ओतायचं, ढवळायचं, दाट होऊन चमक आली की लगेच गॅस बंद. याला कॉर्नफ्लॉवरइतकी उष्णता लागत नाही, खळखळून उकळी यायच्या आधीच ते दाटतं. उकळत ठेवलं किंवा जोरजोरात घोटलं तर पिठाचे फुगलेले कण फुटतात आणि दाट झालेलं पुन्हा पातळ होतं. मग लोक अजून पीठ घालतात, अजून उकळतात, आणि सगळं हातचं जातं. प्रमाण मैद्याच्या निम्मं धरून सुरुवात कर.

ए-३०५: कॉर्नफ्लॉवर असताना याची गरज काय पण?

ए-६०१: तीन कारणं सांगते. कॉर्नफ्लॉवरने रस गढूळ होतो, आरारूटने काचेसारखा स्वच्छ राहतो, फळाचा रंग तसाच दिसतो. लिंबू-संत्र्याच्या आंबटपणात आरारूट जास्त टिकून राहतं. आणि फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढलं तर कॉर्नफ्लॉवरच्या सॉसला पाणी सुटतं, याला सहसा सुटत नाही. शिवाय ग्लुटेन नाही, त्यामुळे गहू न चालणाऱ्यांना उपयोगी.

बी-५०२: मी तर चेहऱ्याला लावते. पाण्यात कालवून महिनाभर लावतेय. रंग उजळतो आणि डाग जातात असं वाचलं होतं.

सी-१०३: ताई, डागांत फरक पडला का?

बी-५०२: डाग आहेत तसेच आहेत. पण लावून धुतलं की त्वचा मऊ, कोरडी वाटते.

सी-१०३: तो मऊपणा खरा आहे. पीठ घाम आणि तेल शोषून घेतं. पण स्टार्चचे कण त्वचेच्या वरच राहतात, आत शिरत नाहीत, त्यामुळे डाग किंवा रंग यावर त्याचा परिणाम होत नाही. डागांसाठी रोज सनस्क्रीन लावा आणि एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कालवलेलं पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवत असाल तर ते आजपासून बंद करा. ओल्या पिठात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

ए-३०५: मी काखेत लावतो, बेकिंग सोडा मिसळून. दोन आठवडे बरं वाटलं, आता आग होते.

सी-१०३: दादा, सोडा काढून टाका. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, pH साधारण ५ च्या आसपास. सोड्याचा ८ च्या वर. रोज लावलात तर काख सोलवटणारच. नुसतं आरारूट ओल शोषून घेईल, पण घाम थांबवणार नाही आणि वास करणारे जंतूही मारणार नाही. लाली जाईपर्यंत मात्र तेही नको.

बी-२०४: बाळाच्या जांघेत लाल झालंय, सात महिन्यांचा आहे. टॅल्कम बंद केली, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला, म्हणजे टॅल्कममधल्या दगडाच्या भुकटीला, 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं हे वाचल्यापासून. त्याऐवजी आरारूट चालेल ना?

सी-१०३: मी बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून स्पष्ट सांगते. बाळाला कोणतीच पावडर नको, आरारूटही नको. भुकटी हवेत उडते आणि बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते, मग ती दगडाची असो की कंदाची. लंगोट लवकर बदल, साध्या पाण्याने धू, टिपून कोरडं कर, थोडा वेळ उघडं ठेव. झिंक ऑक्साइडचं मलम लाव. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही किंवा बारीक लाल पुटकुळ्या पसरल्या तर बुरशी असू शकते, डॉक्टरांकडे ने.

बी-५०२: पण अॅरोरूट हे इंग्रजी नावच (अॅरो म्हणजे बाण) बाणाच्या जखमेवर लावायचे म्हणून पडलंय ना? मग जखमेला तरी चांगलं असेल.

ए-६०१: ती एक गोष्ट सांगतात खरी. दुसरं मत असं की आरावाक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द इंग्रजांनी ऐकून आपल्या तोंडाला सोपा केला. हे झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. कंद कुटायचा, पाण्यात धुवायचा, गाळायचा, खाली बसलेला साका वाळवायचा, की झालं आरारूट. कॅरिबियन समुद्रातलं सेंट व्हिन्सेंट बेट एके काळी यासाठीच ओळखलं जायचं.

सी-१०३: जखमेवर मात्र नको. पूर्वी डॉक्टरांच्या हातमोज्यांना आतून मक्याचा स्टार्च लावलेला असायचा. तो शरीरात गेला की सूज आणि गाठी व्हायच्या. अमेरिकेने २०१७ पासून असे हातमोजे बंदच केले. स्टार्च खाण्यात निरुपद्रवी आहे म्हणून उघड्या जखमेतही तसाच, असं नाही.

ए-३०५: माझी आई जुलाब झाले की आरारूटची पेज द्यायची.

सी-१०३: मोठ्यांना पचायला हलकी म्हणून द्या की. पण जुलाबात आधी ओआरएस, लहान मुलांना तर नक्कीच. पेजेने गेलेलं मीठ-पाणी भरून निघत नाही. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आरारूट पाजूच नका. त्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीतच म्हणा ना. पोट भरतं, पोषण होत नाही.

ए-६०१: आणखी एक, पाकिटाची मागची बाजू वाचा सगळ्यांनी. आरारूट या नावाखाली बटाटा, कसावा, मका, कशाचाही स्टार्च खपतो. आरारूट म्हणून मिळणारी तवकीर तर हळदीच्या कुळातल्या वेगळ्याच झाडाची. आयोडीनचा थेंब टाकून काही कळत नाही, स्टार्च कुठलाही असो, निळाच होतो. शिजवून रस गढूळ झाला तर मका असल्याचा संशय घ्यायचा. पण बटाटा-कसावाही स्वच्छच दिसतात, त्यामुळे खात्री फक्त सूक्ष्मदर्शकाखाली.

बी-२०४: माझ्यावर लिहिलंय 'खाद्य स्टार्च'. बाकी काही नाही.

ए-६०१: मग ते काहीही असू शकतं. तरी संत्र्याच्या रसात करून बघ, एक कप रसाला सपाट मोठा चमचा.

बी-२०४: केला काकू. रस आधी गरम केला, पीठ गार पाण्यात कालवून शेवटी घातलं. तुम्ही म्हणालात तसं उकळी यायच्या आधीच दाटलं! बशीवर ओतला तर खालची नक्षी दिसते, म्हणजे मका तरी नसावा. निम्मा फ्रीजरमध्ये ठेवलाय.

बी-२०४: सुप्रभात. आत्ता बाहेर काढून वितळवला. पाणी सुटलेलं नाही. जांघही कालच्यापेक्षा कमी लाल आहे, मलम चालू ठेवते.