मदत हवी आहे : 'ताकेशीज' सिनेमात स्वप्न नक्की कोणाचं?

मंडळी, काल रात्री जपानी नट-दिग्दर्शक ताकेशी कितानोचा 'ताकेशीज' (२००५) बघितला आणि झोपेचं खोबरं झालं. पुढे स्पॉयलर आहेत, बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

या माणसाशी माझी ओळख एवढीच, की लहानपणी पोगोवर जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसकट 'ताकेशीज कॅसल' लागायचं. त्यातला किल्ल्याचा मालक तो हाच, हे आमच्या घरात अजून कोणाला पटलेलं नाही.

तर सिनेमात दोन ताकेशी. एक बीट ताकेशी, बडा स्टार, मागेपुढे माणसं. दुसरा नुसता कितानो. चेहरा हुबेहूब तोच, पण केस पिवळेधमक रंगवलेले, दुकानात गल्ल्यावर उभा, ऑडिशनला गेला की हात हलवत परत. स्टार त्याला सही देतो आणि तिथून पुढे माझी दांडी गुल. याच्या हाती बंदुका लागतात, हा दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो, मेलेली माणसं पुन्हा ठणठणीत! बरं, हे गरीब बिचाऱ्याचं दिवास्वप्न म्हणावं, तर सुरुवातीला प्रेतांत पडलेला तो जपानी सैनिक आणि समोरचा अमेरिकन शिपाई कुठून आले? शिवाय ओसुगी रेन हा नट स्टारचा मॅनेजर झालाय आणि टॅक्सीवालाही तोच. मी मागे नेऊन तीनदा खात्री केली.

स्वप्न दुकानवाल्याचं की स्टारचं? मध्ये माझा डोळा लागला होता. त्यात माझंच काही मिसळलं असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद :
तुमचं काही मिसळलेलं नाही, सिनेमाच तसा आहे. स्वप्न कोणाचं ते सोडा, नावं धरा. जपानमध्ये तो पडद्यावर 'बीट ताकेशी' असतो आणि दिग्दर्शक म्हणून 'कितानो ताकेशी'. 'बीट' हे 'टू बीट' या जुन्या विनोदी जोडीतून चिकटलेलं. म्हणजे श्रेयनामावलीत तो मुळातच दोन माणसं! या कल्पनेचं आधीचं नाव होतं 'फ्रॅक्टल'. फ्रॅक्टल म्हणजे काय, तर नेच्याचं पान बघा, मोठ्या पानात तेच पान बारीक होत जातं. चेहरे परत परत येतात ते त्यामुळे. यातल्या किनाऱ्यावरच्या गोळीबारासाठी मात्र आधी त्याचाच 'सोनातिने' (१९९३) बघा. तो स्वतःचीच टिंगल करतोय, ती नाहीतर हुकते. आवडलाच तर 'ग्लोरी टू द फिल्ममेकर' (२००७) आणि 'अकिलीस अँड द टॉर्टॉइज' (२००८) याच माळेतले आहेत. पहिला आणखी डोकं खाईल, दुसरा बराच सरळ आहे.

धागाकर्ता :
नेच्याचं पान पटलं, आभार. 'सोनातिने' शनिवारी लावतो. पण तो सैनिक राहिलाच की! त्याचं कोणी सांगेल का?