समान चलन, सामाईक चलन आणि 'तयार' असणे

प्रश्न
पूर्व आफ्रिकेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा आणि बुरुंडी यांनी ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कंपालामध्ये चलनसंघाच्या करारावर सह्या केल्या. २०२४ पर्यंत एकच चलन आणायचं होतं, आता ती मुदत २०३१ वर गेली आहे. मथळा मी 'हे देश समान चलनासाठी तयार आहेत का?' असा केलाय. पण 'समान', 'सामायिक', 'एकल', 'संयुक्त' असे सगळेच शब्द वाचनात येतात. कुठला घ्यावा?

प्रतिसाद
'सामाईक' घ्या. 'समान' का नको, हे त्याच देशांच्या इतिहासावरून सांगता येतं. १९१९ साली ब्रिटिशांनी तिथल्या आपल्या वसाहतींसाठी पूर्व आफ्रिका चलन मंडळ स्थापन केलं. तोवर केनिया-युगांडात भारतीय रुपया चालत असे, पुढे मंडळाचा शिलिंग आला. केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग), सगळीकडे तोच. हे झालं सामाईक चलन. १९६६ मध्ये तिन्ही देशांनी स्वतःच्या मध्यवर्ती बँका काढल्या आणि आपापले शिलिंग आणले. सुरुवातीला तिन्ही शिलिंगांचं मूल्य सारखंच होतं. म्हणजे चलनं समान होती, पण सामाईक राहिली नव्हती. नोटा किती छापायच्या हे ज्याचं तो ठरवत होता. आज एका केनियन शिलिंगला युगांडाचे वीसहून अधिक शिलिंग मिळतात. समान असलेलं असमान होऊ शकतं. सामाईक चलनात तो प्रश्नच येत नाही, कारण दुसरं चलनच नसतं.

'सामयिक' मात्र लिहू नका, तो समयाशी जोडलेला शब्द आहे. 'सामायिक' चालतं, पण जैन परंपरेत ते एका साधनेचं नाव आहे, म्हणून मी 'सामाईक'च लिहितो.

प्रतिसाद
शब्द मान्य, उदाहरण मान्य नाही. चलन मंडळाचा शिलिंग सामाईक कसा? मंडळाचं कार्यालय १९६० पर्यंत लंडनला होतं. केनियातल्या किंवा युगांडातल्या माणसाला त्यात काय विचारलं जात होतं? सातबाऱ्यावर सामाईक खातं असलं की एका भावाला सगळी जमीन परस्पर विकता येत नाही, बाकीच्यांची संमती लागते. हिस्सा आणि संमती हे 'सामाईक'च्या अर्थातच आहे. वसाहतीतला शिलिंग फार तर 'एकच चलन' होता. २०१३ च्या करारात जे ठरलंय ते सामाईक, कारण तिथे देश स्वतःहून आपला अधिकार एकत्र ठेवणार आहेत. हा फरक पुसला गेला तर त्या देशांवर अन्याय होईल, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती
पटलं. 'सामाईक' पक्कं, आणि जुन्या शिलिंगाला 'एकच चलन'. 'तयार'बद्दल काही?

प्रतिसाद
खरी अडचण तिथेच आहे. 'मी यायला तयार आहे' यात राजीखुशी असते. 'मंडप तयार आहे' यात काम पुरं झालेलं असतं. तुमच्या मथळ्यात दोन्ही अर्थ येऊन बसतात, आणि या देशांच्या बाबतीत उत्तरं उलटसुलट आहेत. पहिल्या अर्थाने ते २०१३ लाच तयार झाले. दुसऱ्या अर्थाने नाहीत. करारातले निकष पाहा: महागाई जास्तीत जास्त ८ टक्के, बाहेरून मिळालेली अनुदानं जमेला धरून वित्तीय तूट ३ टक्के, सरकारी कर्ज आजच्या मूल्यात मोजून सकल उत्पादनाच्या ५० टक्के, आणि साडेचार महिन्यांच्या आयातीला पुरेल एवढी परकीय गंगाजळी. बुरुंडीत २०२३ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर होती. केनियाचं कर्ज मर्यादेपलीकडे गेलेलं आहे. दरम्यान दक्षिण सुदान, काँगो (लोकशाही प्रजासत्ताक) आणि सोमालिया हेही या देशांच्या संघटनेत, पूर्व आफ्रिकी समुदायात, आले. तेलाचे भाव चढले की दक्षिण सुदानच्या तिजोरीत भर पडते आणि तेल बाहेरून आणणाऱ्या केनियाच्या खिशाला झळ बसते. व्याजदर एकच ठेवायचा, तर तो कोणाच्या सोयीचा?

म्हणून इच्छेसाठी 'राजी' आणि क्षमतेसाठी 'सज्ज' असे दोन शब्द वेगळे वापरा. 'पात्र' नको, त्यात कोणीतरी वर बसून परीक्षा घेतंय असा भाव येतो, आणि इथे निकष त्यांनी स्वतःच घातलेत.

प्रतिसाद
लेखात 'अवमूल्यन' आणि 'घसरण' येत असतील तर तेही तपासा. बाजारात भाव पडतो ती घसरण, सरकार ठरवून पाडतं ते अवमूल्यन. सामाईक चलन घेतलं की एकट्या देशाला दोन्हींपैकी काहीच उरत नाही. निर्यात अडली तर मजुरी आणि किमती खाली आणाव्या लागतात. ते फार वेदनादायक असतं, गरीब देशात तर जास्तच.

प्रश्नकर्ती
एक शेवटचं. काँगोबद्दल 'त्याला आपलं चलन सोडावं लागेल' असं वाक्य आहे. बरोबर?

प्रतिसाद
अपुरं आहे. काँगोचं राष्ट्रीय चलन फ्रँक, पण अमेरिकी डॉलरही तिथे सर्रास चलनात आहे. ठेवी आणि मोठे व्यवहार बहुतेक त्यातच होतात. सरकार फ्रँक सोडेल, ते एका निर्णयाने होईल. लोकांनी डॉलर सोडायला त्यांचा नव्या चलनावर विश्वास बसावा लागेल. 'काँगो सरकारला फ्रँक सोडावा लागेल आणि लोकांना डॉलर' असं लिहा.