'लीज'ला मराठीत काय म्हणायचं? भाडेपट्टा बाबांना पटेना

टिळकरोडवाली: जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बाबांना दिलाय. केबल खोचली की डीएचसीपीनं, म्हणजे राऊटरकडून नेटवर्कचा पत्ता मागून घ्यायच्या पद्धतीनं, आपोआप पत्ता मिळायला हवा (तो ठराविक मुदतीपुरताच मिळतो, त्यालाच लीज म्हणतात), दोन महिने मिळतही होता. काल मी नेमकी ऑफिसात आणि बाबांचा फोन, स्क्रीनवर 'नो वर्किंग लीजेस इन पर्सिस्टंट डेटाबेस, स्लीपिंग' असं आलंय, म्हणजे काय गं? मी घाईत म्हटलं भाडेपट्टा संपलाय. झालं! राऊटर आपला, वायर आपली, मग भाडं कोणाला द्यायचं? आणि झोपलंय कोण? आता त्यांच्यासाठी मराठीत पानभर टिपण लिहितेय, लीजला शब्द सुचवा. जमलं तर लॅपटॉपचंही बघा.

अर्धाकप: लीजच लिहा की. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो हे भोसरीतल्या पानवाल्यालाही कळतं.

शुद्धलेखनी: तुमच्यासारख्यांमुळेच मराठीची ही गत झालीये. 'कालपट्टा' म्हणा. सावरकरांनी महापौर शब्द दिला, आज पुण्यात कोणी मेयर म्हणतं का?

अर्धाकप: महापौर रुळला हो, पण दूरध्वनी त्यांचाच ना? तुम्ही घरी 'दूरध्वनी वाजतोय, घे' म्हणता का? आणि कालपट्टा ऐकून मला कालनिर्णयच आठवलं.

माणदेशी: आमच्याकडं शेत खंडानं देतात पण त्यात धान्य नाहीतर पैसा मोजावा लागतो, म्हणजे ताईंच्या बाबांचा प्रश्न तिथंच. मला 'कौल' आवडंल. पडीक जमीन लागवडीला आणायची तर पूर्वी कौल द्यायचे, अमुक वर्षं कसा, सारा कमी, हळूहळू वाढवू.

अर्धाकप: कौल भारी! तसंही हे देवळातल्यासारखंच चालतं, लॅपटॉप ओरडतो कोणी आहे का, राऊटर म्हणतो हा पत्ता घेतोस का, लॅपटॉप म्हणतो हाच दे, मग राऊटर म्हणतो दिला. चारच बोलणी. पहिल्या हाकेलाच ओ आली नाही की कौल लागत नाही.

शुद्धलेखनी: आणि कौल अरबी आहे बरं का! क़ौल म्हणजे शब्द, वचन. एक परकीय काढून दुसरा आणलात.

माणदेशी: मग वकील, अर्ज, जमीन, शाई सगळंच काढा. आमची आजी म्हणायची, छपराचं कौल जसं घराला आडोसा देतं तसा राजाचा कौल कुळाला.

शुद्धलेखनी: आजीबद्दल आदर आहे, व्युत्पत्तीबद्दल नाही.

वकिलीणबाई: मुळात तुम्ही लीजच मानताय ते चुकतंय. पुण्यात फ्लॅट देतात तो ११ महिन्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो, त्यात हक्क मिळत नाही, फक्त राहायची परवानगी. (आणि ११ महिने म्हणजे नोंदणी नको ही समजूत सोडा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तोही नोंदवावा लागतो.) डीएचसीपीत तेच आहे, पत्ता राऊटरचा, वापरायची मुदतबंद परवानगी तुमची. मुदत अर्धी सरली की लॅपटॉप आपणहून वाढवून मागतो, नाहीच मिळाली तर सात अष्टमांश झाल्यावर दिसेल त्या सर्व्हरला विचारतो. इतका शहाणा भाडेकरू मी कोर्टात पाहिला नाही. 'मुदतपरवाना' लिहा.

अर्धाकप: मुदतपरवाना ऐकून बाबा आरटीओत जातील.

टिळकरोडवाली: 😄 जातीलही! पण एक बघा ना, /var/db मधली dhclient.leases.em0 ही लीजच्या नोंदींची फाईल उघडली तर परवाची मुदत संपायची वेळ दुपारी साडेबाराची, आणि बाबा तर त्या दिवशी संध्याकाळी पाचलासुद्धा नेट वापरत होते.

नळस्टॉप: त्या फायलीत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा, सहा वाजले. शब्दाचं राहू दे जरा, आधी आयएफकॉन्फिग em0 ही कमांड द्या (em0 म्हणजे लॅपटॉपचं केबलचं नेटवर्क कार्ड) आणि स्टेटस काय येतं ते सांगा. 'नो कॅरिअर', म्हणजे केबलमधून सिग्नलच येत नाही, असं असेल तर डीएचसीपी बिचारं निर्दोष आहे, केबलच नीट बसली नसणार.

टिळकरोडवाली: बाबांना फोनवर वाचायला लावलं. नो कॅरिअर! आता हे कसं लिहू? ते म्हणतायत लॅपटॉपला कॅरिअर कुठून आलं, कॅरिअर सायकलला असतं.

माणदेशी: बरोबर बोलले की बाबा.

शुद्धलेखनी: सोपं आहे. वाहक नाही.

अर्धाकप: अहो वाहक पीएमपीत तिकीट फाडतो! स्वारगेटला बस उभी, वाहक नाही, हे तर बाबांना रोजचंच वाटेल.

शुद्धलेखनी: मग 'धारक' घ्या.

वकिलीणबाई: धारक? धारक म्हणजे कायद्यात होल्डर.