पणत्यांच्या उजेडातले फोटो हलतात, मदत हवी आहे

मंडळी, गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला आईसोबत पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात गेले होते. वाकून पणती लावतानाचा तिचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास वाटला. घरी मोठा करून पाहिला तर ज्योतीच्या जागी नुसता पांढरा ठिपका, हात हललेला आणि मागचा काळा कातळ रव्यासारखा दाणेदार!

कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा, लेन्स सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम. झूम केल्यावर अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तितकं भोक मोठं), म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून ३२०० आणि शटर १/१५ सेकंद. फ्लॅश मारला तर पणत्यांची मजाच जाते.

ट्रायपॉडने माझा हात स्थिर होईल, आईचा नाही. शिवाय त्या गर्दीत तीन पाय पसरायचे म्हणजे शिव्या खायची तयारी. ५० एमएम एफ १.८ घेतली तर जवळपास दहापट प्रकाश मिळेल, पण क्रॉपवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. खांबांच्या मधे मागे सरकायला जागा कुठे? ३५ एमएम घ्यावी का? आणि ज्योत पांढरी पडू नये म्हणून मीटरिंग स्पॉटवर ठेवून (म्हणजे एका ठिपक्यापुरताच प्रकाश मोजून) रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढता, की एक्स्पोजर सरळ एक-दोन स्टॉप कमी करता (दर स्टॉपला प्रकाश निम्मा)?

बजेट बेताचं आहे, सेकंडहँडही चालेल.